सात नंबरची थप्पी

"मॅडम, जरा वास घेऊन सांगा ना. बिघडलंय काय, सेन्सर की गहू, तेच कळेना," शौनक म्हणाला.

सात नंबरच्या थप्पीवरचा लाल दिवा उघडझाप करत होता. पद्मजा पुढे झाली. विक्रोळीत खाडीच्या अंगाला असलेल्या या सरकारी गोदामात धान्याचा दर्जा तपासण्यात तिची नोकरी सरत आली होती. पोतं न उघडता बाई गहू ओळखतात, असं तिचं नाव होतं. शौनकच्या कंपनीने कालच सेन्सर बसवले होते. ओल मोजणारे, पोत्यांतल्या किड्यांच्या श्वासातून सुटणारा वायूसुद्धा टिपणारे.

तिने खोल श्वास घेतला. काहीच नाही. मागे एकदा ताप येऊन गेल्यापासून तिला फोडणीचासुद्धा वास येत नव्हता.

इथे हे फक्त चंद्रप्रकाशला ठाऊक होतं, हमालांच्या मुकादमाला. तिने सांगितलं नव्हतं. एकदा कुबट पोत्याला ती "छान" म्हणाली, तेव्हा त्याचं त्यालाच उमगलं. तेव्हापासून सकाळी शटर वर गेलं, की तो चपला बाहेर काढून तिच्याआधी आत शिरायचा आणि स्वतःशीच बोलल्यासारखा पुटपुटायचा, "बरो आसा, बाईनू." नाहीतर, "कुबट येता." त्यावर तिचं नाव टिकलं होतं.

कालपासून मात्र हमालांना बोलावल्याशिवाय आत यायला बंदी होती. दाराशी मारलेल्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे चंद्रप्रकाश उभा होता. त्याच्यामागे ट्रक. याच थप्पीचा गहू रेशनच्या दुकानांत जायचा होता.

"नवीन आहे ना, कधीकधी उगाच बोंबलतो," शौनक म्हणाला. "तुम्ही ओके म्हणा, मी रीसेट मारतो. गाडी सुटेल."

ओके म्हणणं सोपं होतं. पद्मजाला एकदम दमल्यासारखं झालं.

"चंद्रप्रकाशना आत बोलव."

"ते कशाला? मॅडम, रूल आहे..."

"मला वास येत नाही रे. बरेच दिवस झाले."

 शौनकने हात हलवून मुकादमाला बोलावलं.

चंद्रप्रकाश चपला काढून आला, वाकला, खालच्या पोत्याला त्याने नाक लावलं. "तळाक ओल इली हा. ह्यो गहू धाडू नको." मग तिच्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "कशाक सांगितल्यात, बाईनू? माका नुसती हाक मारूची व्हती."

"म्हणजे सेन्सर बरोबर होता! झकास!" शौनक खूश झाला. "टेन्शन नका घेऊ मॅडम. आता कुणालाच वास घ्यायची गरज नाही."

तो चांगल्या मनानेच बोलला होता.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं. सात नंबर रिकामी, बाकी सगळे दिवे हिरवे. सवयीने पद्मजा दारात थबकली आणि तिने शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं.

"बरो आसा ना, बाईनू?" पट्ट्यापलीकडून आवाज आला.

तिने मोबाइलवर सेन्सरचे आकडे पाहिले.

"बरो आसा," ती म्हणाली.

चंद्रप्रकाशने मान डोलावली आणि काढून ठेवलेल्या चपला पुन्हा पायांत सरकवल्या.