वृत्तात न बसणारे नाव

माझे शालेय शिक्षण सातव्या इयत्तेशीच संपले. तेथून पुढची विद्या मी शिशाच्या खिळ्यांपासून घेतली. नाशकात भद्रकालीच्या एका छापखान्यात मी जुळारी होतो. एकेका अक्षराचा खिळा उचलून ओळीत लावावयाचा, हे माझे काम. दुसऱ्यांच्या ओळी जुळविता जुळविता मलाही ओळी सुचू लागल्या, आणि निफाड-येवल्यापर्यंतची मंडळी लग्नाची मंगलाष्टके माझ्याकडून करवून घेऊ लागली. वधूवरांच्या आत्या, मामा, चुलते, सर्वांची नावे मी शार्दूलविक्रीडित वृत्तात बसवीत असे. अशी एकेचाळीस लग्ने मी शब्दबद्ध केली.

बेचाळिसावे लग्न माझ्या स्वतःच्या कन्येचे, गोदावरीचे, होते. आणि तेथेच माझी लेखणी थांबली.

सन १९७८ च्या वैशाखातील ही हकिकत आहे. आठ कडव्यांपैकी सात कडवी चार दिवसांत झाली. उरलेले एक, म्हणजे वधूच्या मातापित्यांचे, महिना लोटला तरी होईना.

गोदीची आई सुलाबाई हयात होती. सोळा वर्षांपूर्वी मीच तिला माहेरी विंचूरला धाडून दिले होते. कारण लिहिताना लाज वाटते, तथापि लिहितो. पावसाळ्याचे दिवस होते, गोवऱ्या ओल्या होत्या, आणि चूल पेटविण्यास हाताशी आलेला जो कागद तिने घेतला, ती माझी कवितांची वही होती. तिला अक्षर ओळखता येत नव्हते. "अक्षरशत्रू स्त्रीशी माझा संसार होणे नाही," असे वाक्य मी उच्चारले. तेही मी कोणा दुसऱ्याच्या पुस्तकासाठी जुळविलेले होते. तीन वर्षांची गोदी माझ्या आईने ठेवून घेतली. सुलाबाई एक गाठोडे घेऊन गेली, आणि मी तिला आणावयास कधीही गेलो नाही.

लग्न ठरल्यावर गोदी एकटीच विंचूरला जाऊन आली.

"आई येईन म्हणाली," तिने सांगितले. "पण अष्टकात तिचं नाव पाहिजे. नाव नसेल तर मांडवात मी कोण म्हणून उभी राहू, म्हणाली."

"अष्टक तर माझ्याच हातचे आहे," मी म्हणालो.

"मग करा. लोकांच्या चुलत आत्यासुद्धा तुमच्या अष्टकात बसतात, तात्या. आई आली नाही, तर मी पाटावर उभी राहणार नाही. मग पाहुण्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

गोदी बोलल्याप्रमाणे करणारी मुलगी आहे, हे मी जाणून होतो.

अडचण अशी की सुलाबाई या नावात पहिले अक्षर लघू आणि पुढची तिन्ही गुरू. एकोणीस अक्षरांच्या ओळीत मी ते नाव प्रत्येक ठिकाणी ठेवून पाहिले. एकच जागा मिळाली. परंतु तेथे विसाव्याची यती नावाच्या मधोमध पडे. 'सुला' म्हणून श्वास घ्यावयाचा, आणि मग 'बाई'. जिला एकदा तोडले तिचे नावही पुन्हा तोडावे, हे मनास पटेना. ते नाव सोडून अन्य शब्द योजू गेलो तर अन्य शब्दही येईनात. पहिली ओळ मात्र झाली होती:

गोदेच्या तटि लग्न आज सजले, आले सगे सोयरे

आणि पुढे पांढरा कागद. असे मला पूर्वी कधी झाले नव्हते. अन्न गोड लागेना. रामकुंडावर स्नानास गेलो तर पायऱ्या लघू-गुरू मोजीत उतरू लागलो आणि पाण्यात काय करावयाचे ते विसरलो. आपल्या अंगी प्रतिभा अशी कधी नव्हतीच, आपण केवळ नावे भरणारे हमाल होतो, असा विचार येऊन मी छापखान्याच्या मागील भिंतीशी जाऊन रडलो.

ट्रेडल छपाईयंत्र चालविणारा धोंडीराम माझ्याकडे बघत असे. एके दिवशी त्याने ताजा छापलेला कागद माझ्यापुढे आपटला.

"मास्तर, हे दहाव्याचं पत्र हाय. त्याच्यावर 'आहेर आणू नये' लावलंय तुम्ही!"

"चुकले रे."

"चुकलं नाय, मेलेला माणूस हसला असंल. एक कडवं तर करायचं, अन् तोंड असं की जणू गोदावरीवर पूल बांधायचाय."

लग्नास सहा दिवस राहिले असता मला एकाएकी मार्ग दिसला. 'सुला' हे 'सुलोचना'चेच लाडके रूप असावे, असे मी ठरविले. सुलोचना वृत्तात बसते, आणि अर्थही सुंदर:

आली माय सुलोचना निरखण्या, डोळे भरूनी तुला

मला अत्यानंद झाला. तथापि तिची संमती घ्यावी म्हणून मी सकाळच्या गाडीने निघालो. गोदीने सांगितल्याप्रमाणे सुलाबाई लासलगावास एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडावयास जात असे. दहा-बारा बाया ढिगाभोवती बसल्या होत्या. सोळा वर्षांनी पाहत असूनही मी तिला पाठीवरून ओळखले.

मी उभ्याउभ्याच ओळ वाचली. तिने हातातला कांदा खाली ठेवला नाही.

"ही सुलोचना कोण बया?" ती म्हणाली. "दुसरी केली का काय?"

बाया खदखदून हसल्या.

"सुलोचना म्हणजे तूच. सुंदर डोळ्यांची, असा अर्थ आहे."

"डोळे बघा माझे. कांद्यानं लाल झाल्यात." तिने सडका कांदा बाजूला फेकला. "माझ्या आजीचं नाव सुलाबाई होतं. तेच माझं हाय. परक्या बाईच्या नावानं मी नाय येयाची."

"तुझे नाव वृत्तात बसत नाही, सुला. मी महिनाभर प्रयत्न केला."

"घरात नाय बसलं," ती म्हणाली, "अन् आता गाण्यात बी नाय."

हसणाऱ्या बाया खाली मान घालून कांदे निवडू लागल्या. मी जावयास वळलो, तेव्हा ती मागून म्हणाली, "तुमचं अष्टक इकडं लय लग्नांत म्हणत्यात. मी दारात उभी राहून ऐकते. समदी पाठ हायेत. कुणाकुणाच्या मावशा येत्यात त्यात!"

परतीच्या गाडीत मी खिडकीच्या गजावर डोके टेकून होतो. तिने माझी एक वही जाळली, मी तिचा संसार सोळा वर्षे जळू दिला, असे काहीतरी मनात येत होते. छापखान्यात शिरलो, चप्पल न काढता खिळ्यांच्या खणांपुढे उभा राहिलो आणि कागदावर न लिहिता सरळ खिळे उचलले. आ. ली. मा. य. सु. ला. बा. ई. लघूच्या जागी गुरू बसला. ओळ लंगडी झाली. आणि महिनाभर अडलेल्या पुढच्या दोन ओळी, धोंडीरामाची विडी संपण्यापूर्वी, जुळून झाल्या.

लग्न पंचवटीत आमच्या चाळीपुढील मांडवात झाले. गोदी पाटावर उभी राहिली खरी, पण तिची मान दाराकडे होती. दारात सुलाबाई उभी होती; आत आली नव्हती. आठवे कडवे मी स्वतः म्हणावयास घेतले. "आली माय सुलाबाई" येथे चाल ठेचाळली, आणि माझा आवाजही त्याच जागी फुटला. मी थांबलो. मंडळींना वाटले, कडवे संपले. चहूकडून अक्षता पडल्या. ताशेवाल्याने ताशावर काडीही मारली.

"अहो, थांबा! अजून सावधान व्हायचंय!" भटजी ओरडले.

त्या गलक्यात मी दाराकडे पाहिले. सुलाबाईची अक्षतांची मूठ मिटलेलीच होती. भटजी सोडले तर कडवे अर्धे आहे हे मांडवात तिला एकटीला कळले होते. मी उरलेले म्हटले. 'सावधान' झाल्यावर तिने मूठ उघडली, आणि आत येऊन गोदीच्या मागे उभी राहिली.

पंगती उठल्यावर तिने अष्टकाचा गुलाबी कागद माझ्यापुढे धरला. "कुठं हाय?"

मी तिचे बोट धरून नावावर ठेवले. तिने एकेका अक्षरावरून बोट फिरविले.

"चारच हायेत," ती म्हणाली. "मग बसत का नव्हतं?"

तिने नाव वर राहील अशी कागदाची घडी घातली, ती कनवटीला लावली, आणि संध्याकाळच्या विंचूरच्या गाडीची वेळ गोदीला विचारली.