चार बोटं

रूपालीचं बाळ पंचवीस दिवसांचं झालं, त्या सकाळी त्याच्या ढुंगणावर पाच बोटं उमटली. लालभडक, उभी. कुणीतरी पंजा आवळून धरल्यावानी.

"शेवंता आली," रूपालीची आई पुष्पाबाई पुटपुटली.

शेवंता म्हणजे तिची नणंद. मागच्या पोळ्याला याच घरात वारली. पोटी लेकरू न्हवतं. तिचं पांढरं पातळ मऊसूत, म्हणून पुष्पाबाईनंच ते फाडून बाळाचे लंगोट केल्ते. बाळंतपणाला माहेरी आलेल्या रूपालीला हे आत्ता कळलं. तिनं बाळ छातीशी धरलं अन् रडायलाच लागली.

धाकटी भावना दारात उभी व्हती. नववीत मास्तरला उलटून बोलली अन् दप्तर तिथंच टाकून आल्ती, तव्हापासून घरीच.

"कायबी बोलतीस आई!"

"तू गप! हसनाबादची बाई उद्या दुपारी यिऊन राह्यली. बिब्ब्याचा चटका दिला की हात सोडती ती."

शेजारच्या सुमितच्या पोटावर बिब्ब्याचे डाग व्हते, काळे, कातडं आवळलेले. अन् हे लेकरू तर वीतभर.

भावना खोलीत शिरली. खिडकी बंद. लेकराचे कपडे उघड्यावर टाकले तर बाहेरचं काही त्यांच्यावरून जातं, म्हणून दोरी आतच बांधलेली. खाली शेगडी, ओव्याची धुरी. धुरात पांढरे लंगोट लोंबकळत व्हते. वारा न्हवता, तरी हालत व्हते. भावनानं एकाला हात लावला. गार. दमट. मेलेल्या माणसाच्या तळव्यासारखा.

हात झटकून ती मागं सरली. मंग परत लावला. दुसरा, तिसरा. सगळेच दमट.

तिनं बाळाला उघडं करून नीट बघितलं. लाली फुगीर भागावरच. जांघेच्या घडीतली कातडी कोरी.

तशीच ती गावच्या आशा-सेविका उषाबाईकडं पळाली.

"घडीत न्हाई ना? मंग ओल्यानं झालंय," उषाबाई म्हणाली. "घडीत लाल अन् भोवती बारीक पुटकुळ्या असत्या, तर बुरशी. तिचं औषध वेगळं. ताप आला, पू दिसला, का दोन-तीन दिवसांत उतरलं न्हाई, तर सरळ दवाखाना. अन् बिब्बा? हात तोडीन म्हणावं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई दिवा लावून बसली. बिब्बा सुईला टोचलेला, त्यातून काळं तेल गळत व्हतं. रूपाली डोळे मिटून, बाळ मांडीवर. भावना मधीच आडवी आली.

"आई, आत्याला उजव्या हाताला बोटं किती व्हती?"

कडबा कापायच्या यंत्रात शेवंताची करंगळी गेल्ती. पट्टी पुष्पाबाईनंच बांधली व्हती.

"चार," ती म्हणाली. मंग तिचा आवाज चिरकला. "मंग ही पाच कोणाची?"

"तुझी."

भावनानं दोरीवरचा लंगोट ओढला. गळू नये म्हणून पुष्पाबाई घालायची तशा पाच जाड चुण्या घातल्या अन् बाळावर धरला. एकेक चुणी एकेका बोटावर बराबर बसली.

पुष्पाबाईनं बिब्ब्याची सुई बाजूला सारली. बाईनं दिवा फुंकला अन् बडबडत निघून गेली.

संध्याकाळी उषाबाईनं येऊन बाळ बघितलं, झिंकचं मलम दिलं. मंग भावनाचंच राज्य. साबण बंद, पावडर बंद. कोमट पाण्यानं धुवायचं, घासायचं न्हाई, टिपायचं. थोडा वेळ उघडंच ठेवायचं, मंग मलमाचा जाड थर. लंगोट ओला झाला की जल्दी बदलायचा, बांधायचा सैल. धुतल्यावर दोन पाण्यातून काढून उन्हात.

"उन्हात?" पुष्पाबाई कुरकुरली. "शेवंतानं हात लावला तर?"

"लावू दे!"

तिसऱ्या दिवशी बोटं पुसट झाली, पाचव्याला गेली. बाळ दुपारभर झोपलं.

त्या दुपारी भावना लंगोट काढायला अंगणात आली. ऊन कडक, अंगणात कुणी न्हाई. सगळे लंगोट पापडावानी वाळलेले. शेवटच्यावर तेवढे ओले डाग व्हते. उभे, शेजारी शेजारी. वाळलं का बघायला कुणीतरी हात लावल्यावानी.

तिनं मोजले. चार.

भावना हालली न्हाई. डाग उन्हात हळूहळू वाळत गेले.

"वाळलं, आत्या," ती हळूच म्हणाली, अन् लंगोट घडी करून आत घेऊन गेली.