भित्रा अंगठा

आमच्या ओहायोच्या डोंगरात पोरगं चालायला लागलं की त्याला क्वाडवर बसवतात, आणि पोरगी असली तर त्याच्या मागे. माझी डेलनी नऊ वर्षांची आहे आणि ती पुढेच बसते. तेच माझ्या सासऱ्यांना खुपतं.

क्वाड त्यांनीच घेतलेली. लहान मुलांची, चार जाडजूड चाकांची, शर्यतीची. त्यामुळे हुकूमही त्यांचाच: "या रविवारी पुन्हा शेवटी आली, तर गाडी ब्रॅक्स्टनला." ब्रॅक्स्टन माझ्या दिराचा मुलगा. त्याआधीच्या शर्यतीत झेंडा पडला, बाकीची पोरं सुसाट सुटली आणि आमची गाडी जागेवरच बोंबलत राहिली. सासरे चारचौघांत म्हणाले, "गाडी उत्तम आहे हो! पोरीचा अंगठाच भित्रा." क्वाडचा गॅस अंगठ्यानं दाबतात ना.

डेलनी रडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आई, मी पूर्ण दाबला होता. शप्पथ."

माझा विश्वास बसला. अहो, इंजिन बोंबलतंय म्हणजे गॅस दाबलाच आहे की! शनिवारी सासरे चर्चच्या जेवणाला गेले, तशी मी क्लचचं झाकण खोललं. आत बोट घातलं तर बुळबुळीत, आणि इंजिनचा जोर चाकांकडे नेणारा बेल्ट चकचकीत. शर्यतीआधी गाडी लखलखली पाहिजे, हा आमच्याकडे सगळ्यांचाच सोस. सासरे तर पॉलिशचा फवारा हातातून सोडत नाहीत. बेल्ट कुरकुरतो म्हणून त्यांनी तोच फवारा झाकणाच्या हवेच्या भोकातून आतही मारला होता. कुरकुर थांबली आणि बेल्टची पकडही गेली. घ्या! फवारा यांचा आणि भित्री माझी पोर!

असा संताप आला म्हणून सांगू! दोन्ही पुली ब्रेक क्लीनरनं धुतल्या. क्लचचे शू, म्हणजे पकड घेणारे तुकडे, काचेसारखे गुळगुळीत झाले होते, त्यांच्यावर सँडपेपर फिरवला. नवा बेल्ट चढवला. स्प्रिंगा जरा कडक टाकल्या, म्हणजे इंजिन जोरात आल्यावरच क्लच पकडेल आणि गाडी झेपावेल. डेलनीनं अंगणात गॅस दिला आणि चिखलाचा सपकारा थेट माझ्या तोंडावर आला. इतकी हसलो दोघी!

रविवारी झेंडा पडला आणि माझी पोरगी सुटली. पहिल्या वळणाला पुढे फक्त एक गाडी होती. शेवटपर्यंत तशीच राहिली. दुसरी आली!

"काय केलंस गाडीला?" सासऱ्यांनी मला विचारलं.

"तुम्ही बेल्टवर मारलेलं पॉलिश धुतलं, बाबा."

आजूबाजूचे दोघं खुसखुसले. सासरे लाल झाले, मग टोपी सारखी करत डेलनीला म्हणाले, "बरं बरं. एवढा सीझन चालव. पुढचं पुढे बघू."

डेलनीनं हेल्मेट काढलं. चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला असते, ती सोडून तिनं त्यांच्यापुढे धरली.

"नको. आत्ताच द्या ब्रॅक्स्टनला."

मी मध्येच ओरडले, "अगं, दुसरी फेरी आहे अजून!"

"असू दे. दर रविवारी कुणी गाडी काढून घेईल, अशी मी नाही चालवणार. माझी असेल तर माझी, नाहीतर राहू दे."

"आजोबांशी असं बोलतात?" सासरे गुरकावले.

"मग कसं बोलू? तुम्हीच सांगा ना, कुणाची आहे?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मी दुसरीकडे बघितलं. मी का म्हणून सोडवू यांना?

"तुझी," ते पुटपुटले.

"मला नका सांगू. त्याला सांगा."

आणि गेले हो! माझा सासरा, कधी कुणाचं न ऐकणारा माणूस, पाय ओढत दिराच्या ट्रककडे गेला. ब्रॅक्स्टननं असं भोकाड पसरलं की मैदानभर ऐकू गेलं. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? पण डेलनी तोवर गाडी घेऊन रेषेवर पोचलीसुद्धा. दोरी नीट बसली का बघायला मी धावत गेले, तर तिनं हात मागे घेतला.

"मी बांधलीय, आई. तू बाजूला हो."