गुंडीच्या झोपेची रंगीत तालीम

सोमवारपासून मी पुन्हा ऑफिसला जाणार होते आणि माझी झोप उडाली होती ती गुंडीच्या झोपेपायी. आमची लेक दुपारी झोपते ती माझ्या फोनमधल्या गाण्यांवर. त्यातही शेवटी भांडी विसळताना मी गुणगुणलेलं, सहज रेकॉर्ड करून ठेवलेलं काहीतरी लागतं, तेव्हा कुठे डोळे मिटतात. आता फोन माझ्याबरोबर जाणार. ती झोपली नाही की जेवत नाही, जेवली नाही की घर डोक्यावर घेते. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, फोनला पाठव ऑफिसला, तू राहा घरी. आणि निघून गेला कामाला.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांची सगळी नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून झाली. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की जुन्या लॅपटॉपचा घरच्या घरी गाण्यांचा सर्व्हर करता येतो. सगळी गाणी त्याच्या पोटात, तो कोपऱ्यात सतत चालू, आणि कुठल्याही खोलीतला स्पीकर वायफायवरून त्याच्याकडे गाणं मागणार. मोबाइलवर फोटो पाठवतानाही नातेवाइकांना विचारणाऱ्या बाईने माळ्यावरून माझ्या नवऱ्याचा जुना लॅपटॉप काढला आणि रंगाच्या ब्रशने त्याची धूळ झटकली.

मी आपली घिरट्या घालत होते. तापला तर? गुंडीने वायर ओढली तर? त्यांनी तो पुस्तकांच्या फळीवर, तिचा हात पोचणार नाही असा ठेवला आणि खाली हवा खेळावी म्हणून दोऱ्याची रिकामी रिळं लावली. झाकण लावलं की तो बंद पडायचा. ते बदलायचं सेटिंग शोधताना म्हणाल्या, "ह्याला जागं ठेवायचं आणि तिला झोपवायचं. उलटं झालं तर पंचाईत."

सर्व्हरचा प्रोग्रॅम त्यात टाकताना पडद्यावरची प्रत्येक ओळ त्या औषधाच्या लेबलासारखी बोट ठेवून वाचायच्या, माझ्याकडे बघायच्या, मी मान डोलावली की पुढे जायच्या. गाणी कुठे आहेत, असं त्याने विचारलं तेव्हा आम्ही वायफायवरूनच माझ्या फोनमधलं फोल्डर दाखवलं. नावं भराभर उमटली. झोपायच्या खोलीतला स्पीकर गायला लागला. मला वाटलं, सुटले.

"उद्या तालीम," त्या म्हणाल्या. "तू फोन घेऊन बाहेर जायचं."

चालतंय की आई, मी म्हटलं.

"तू समोर असताना सगळंच चालतं गं. वॉर्डात नव्या नर्सकडे चार्ज दिला की आमची जुनी सिस्टर दाराबाहेर थांबायची. हाक आल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पंक्चरवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचते न पोचते तोच फोन आला. गाणं मध्येच तुटलं होतं आणि मागे गुंडीचा टिपेचा सूर. जिने चढताना मनातल्या मनात माझा राजीनामा लिहून झाला होता.

सासूबाई तिला खांद्यावर घेऊन लॅपटॉपपुढे उभ्या होत्या, पेशंटचा ताप उतरायची वाट बघत असल्यासारख्या. मी आत आले, त्यांनी पुन्हा बटण दाबलं, गाणं सुरू. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, जरा फोन घेऊन खाली जाऊन ये. गेले, गाणं बंद. आले, चालू. मी घाबरीघुबरी, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निदान सापडल्याचं समाधान.

"अगं, गाणी तुझ्या फोनमध्येच आहेत. ह्याला नुसती नावं कळलीत. आपण औषधाची चिठ्ठी दिली, बाटली दिलीच नाही."

मान मीही डोलावली होती, पण तो विषयसुद्धा त्यांनी काढला नाही. केबल लावून सगळी गाणी लॅपटॉपवर उतरवून घेतली, सर्व्हरला ते नवं फोल्डर दाखवलं. मग माझा फोन चक्क बंद करायला लावला आणि एकेक गाणं वाजवून पाहिलं. कुठल्याही अभ्यासक्रमात न शिकता ही बाई इतकी शांत कशी राहते, हे मी बघतच राहिले.

पुढच्या दुपारी पुन्हा तालीम. फोन हातात धरून मी पंक्चरवाल्याच्या कोपऱ्यावर. त्याने ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, ठिगळ लावलं, चाक चढवलं. फोन वाजला नाही. न वाजण्याचीही मला काळजी. न राहवून ठरल्या वेळेआधीच वर गेले आणि किल्लीने हळूच दार उघडलं.

आतून माझाच आवाज येत होता, भांड्यांच्या किणकिणाटासकट. मी दारात आणि मीच खोलीत गुणगुणत होते. गुंडी तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली, एक पाय आजीच्या पोटावर. सासूबाईही डोळे मिटून आडव्या. झोपल्या असाव्यात, असं वाटून मी एक पाऊल आत टाकलं.

डोळे न उघडता त्यांनी हात वर केला आणि तळवा माझ्याकडे वळवून तसाच धरला. हाक आली नव्हती.

मी दार लोटून घेतलं. फोन पर्समध्ये टाकला आणि खाली कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले.