लाल न होणारा दिवा

प्रोग्राममधले दोष घालवून देण्याचे वर्ग घेणाऱ्या शून्यसरांना या सगळ्यातून काय मिळायचं होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. एक कागद. ‘या प्रणालीत आता एकही दोष नाही’ असं लिहिलेला आणि खाली मोठ्या इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टरांची सही असलेला. तो कागद खिशात पडला की पुढच्या दहा कंपन्या त्यांना पायघड्या घालून बोलावणार होत्या. कंपनीच्या मालकांना मिळायची होती सुटका; इस्पितळाला औषधाचा डोस काढणारा प्रोग्राम द्यायला अठरा दिवस उरले होते आणि काम होतं दोन महिन्यांचं. खोलीत जमलेल्या तीस जणांना आपापली खुर्ची टिकवायची होती. आणि मागच्या रांगेत बसलेल्या तपासनीसबाईंना? त्यांना मिळायची होती धाकट्या भावाच्या नोकरीची हमी. थोडक्यात, चमत्कार नको असलेला माणूस त्या खोलीत औषधालाही नव्हता.

दारावर एक दिवा होता. रोज सकाळी साडेनऊला प्रोग्रामची परीक्षा व्हायची. अमक्या वजनाचा रुग्ण, अमकं औषध, तर डोस किती? असे सहाशे चाळीस प्रश्न. बहुतेक तपासनीसबाईंनीच काढलेले. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे मुलं कुठे हमखास घसरतात ते त्यांना पाठ होतं. सगळी उत्तरं बरोबर आली तर दिवा हिरवा, एक जरी चुकलं तरी लाल. आज पाच आठवडे दिवा लाल होता. माणसं त्याच्याखालून मान खाली घालून आत येत. एकाने तर मागच्या जिन्याने यायला सुरुवात केली होती.

“दोष प्रोग्राममध्ये नसतो, मित्रांनो!” शून्यसर म्हणाले. पांढराशुभ्र सदरा, कानाला लावलेला माइक, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण आजारी असल्याची खात्री पटावी. “दोष असतो बघणाऱ्याच्या नजरेत. तुम्ही शंका घेता, प्रोग्राम ती ऐकतो. क्वांटम पातळीवर ऐकतो! कितीतरी विद्यापीठांनी मान्य केलंय हे.”

“कुठल्या?” मागून बाईंनी विचारलं.

“ही बघा शंका!” सर प्रेमाने हसले. सगळे हसले. बाईंचा धाकटाही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

“एरर हा शब्द आजपासून बंद. म्हणायचं, संकेत. ज्याच्या तोंडून एरर निघेल त्याने उभं राहून दहा दीर्घ श्वास घ्यायचे. आता मिटा डोळे.”

तीस जणांनी डोळे मिटले. सरांनी एका लॅपटॉपच्या झाकणावर तळवा ठेवला. त्यांचा शिष्य, एक टक्कल पडलेला अबोल गृहस्थ, खांद्यावरची पिशवी सावरत शेजारच्या टेबलाशी बसला आणि टकटक टकटक काहीतरी करत राहिला. तीन मिनिटं गेली.

“उघडा.”

दिवा हिरवा होता.

मालक मटकन खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी घरी फोन लावला. धाकटा तर खुर्चीवर चढून दिव्याला हात लावून आला. “हे आहे शून्यदोष कवच,” सर म्हणाले. “एकच पथ्य. कवच उघडून बघायचं नाही. उघडलं की प्रभाव गेला.”

बाईंनीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगा? धाकट्याच्या बायकोला सातवा महिना होता आणि मालकांनी त्याला स्पष्ट बजावलं होतं, “महिनाअखेर दिवा लाल दिसला, तर माणसं कमी करावी लागतील. सुरुवात तुझ्यापासून.” त्याला इथे चिकटवलं होतं बाईंनीच.

पण आठवडाभरात त्यांना एक गोष्ट खुपायला लागली. प्रोग्राम कुठे अडखळला की त्याची नोंद एका यादीत आपोआप पडायची. रोजची चार-पाच पानं भरायची. कवच बसल्यापासून ती यादी कोरी होती. शाळेत चाळीस पोरांचा वर्ग असा चिडीचूप झाला, की बाई हातातलं काम टाकून धावत जायच्या.

मग आला सिस्टरचा फोन. इस्पितळात सहा खाटांच्या एका खोलीत प्रोग्राम चाचणीसाठी लावला होता. सोमवारपासून तो साठही खाटांना लागणार होता.

“बाई, आम्हाला शिकवायला तुम्हीच आला होतात ना, म्हणून तुम्हाला लावला. चार वर्षांची पोरगी आहे, चौदा किलोची. सलाइनमधून द्यायचं औषध पडद्यावर आलं एकोणचाळीस मिली. अहो, सात द्यायचं असतं तिला! मी नाही दिलं.”

“फार बरं केलंत.”

“बरं कसलं डोंबलाचं? तुमच्या ऑफिसला कळवलं, तर उत्तर काय? कवच बसवलंय, चूक अशक्य आहे, सिस्टरनीच माहिती चुकीची भरली असणार! आता आमच्या वरच्यांनी माझ्याकडेच लेखी खुलासा मागितलाय. एकवीस वर्षं झाली मला इथे.”

“शेजारच्या खाटेवर कोण होतं?”

“एक आजोबा. अठ्ठ्याहत्तर किलो. त्यांचं वजन तिच्या आधीच भरलं होतं. का हो?”

किलोमागे अर्धा मिली. अठ्ठ्याहत्तरचे निम्मे एकोणचाळीस. बाईंनी हिशेब तोंडीच केला.

“पोरीचं वजन कसं लिहिलंत तुम्ही?”

“नेहमीसारखंच. चौदा किलो. नुसता आकडा टाकायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावतात आम्हाला. आजोबांचं नव्या मुलीने नुसतं अठ्ठ्याहत्तर लिहिलं, तर तिला मी झापलंसुद्धा.”

म्हणजे जी नीट काम करत होती, तिच्याच सवयीवर प्रोग्राम आपटत होता. त्याला नुसता आकडा हवा होता. पुढे ‘किलो’ दिसलं की त्याची बोबडी वळायची. हा प्रश्न बाईंच्या परीक्षेत होता. क्रमांक चारशे सतरा. पाच आठवडे लाल दिवा जे कानीकपाळी ओरडत होता, त्यातलं एक हेच होतं. आणि वजन वाचायचा तो भाग लिहिला होता धाकट्याने.

त्या तडक त्याच्या टेबलाशी गेल्या.

“इस्पितळातल्या प्रोग्रामवर कवच बसवताना शिष्याला मदत तू केलीस ना? आत काय आहे?”

“ताई, उघडायचं नसतं ते.”

“तू उघडलंस की नाही?”

तो नखं कुरतडायला लागला. लहानपणी प्रगतिपुस्तक लपवताना कुरतडायचा तशी. “अकरा ओळी आहेत,” तो शेवटी म्हणाला.

“वाचल्यास?”

“वाचल्या.”

“कळल्या?”

“ताई, पाच आठवड्यांत त्या दिवशी मी पहिल्यांदा झोपलो गं. तू नको ना यात पडूस. सोमवार जाऊ दे. एकदा इस्पितळाने ताब्यात घेतलं, की मी मागून गुपचूप सगळं दुरुस्त करतो. तुझी शपथ.”

“आणि तोपर्यंत पुढची पोरगी आली तर?”

त्याने लॅपटॉपचं झाकण मिटलं.

मालकांनी त्यांना जिन्यात गाठलं. धाकट्याने सांगितलं असावं, किंवा बाईंच्या चेहऱ्यावरच लिहिलं असावं. “बाई, मला हा आठवडा निभावून न्यायचाय,” ते हलक्या आवाजात म्हणाले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात. “तीस घरं आहेत माझ्यामागे. तुमच्या भावाचं धरून. दिवा हिरवा आहे ना? मग राहू द्या की हिरवा.”

“खरा हिरवा नाहीये तो.”

“खोटा असला तरी चालेल,” मालक म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून सदऱ्याचं बटण चाचपू लागले.

शुक्रवारी सकाळी प्रमाणपत्रांचा सोहळा होता. प्रमुख डॉक्टर सहीचं पेन घेऊन पहिल्या रांगेत. मागे सिस्टर, डॉक्टरांनी खुलासा समोरासमोर ऐकायला तिला सोबत आणलं होतं. शून्यसर रंगात आले होते. “ज्या दिवशी तुम्ही चूक शोधणं थांबवता, त्या दिवशी चूक तुम्हाला शोधणं थांबवते!” टाळ्या. तीच वाक्यं, तेच हातवारे. शिष्य पिशवीतून प्रमाणपत्रं काढून गठ्ठा नीट करत होता.

बाई उठल्या. “सर, एक विचारू? कवच कुठल्याही प्रोग्रामवर चालतं?”

“कुठल्याही.”

“मग आमच्या प्रोग्राममधला डोस काढणारा भागच मी आत्ता सगळ्यांसमोर पुसून टाकते. दिवा काय म्हणतो ते बघू.”

“बाई!” मालक ओरडले. पण डॉक्टरांनी हात वर केला. “बघू तर.”

बाईंनी तो भाग पडद्यावर दाखवला, पुसला, परीक्षा सुरू केली. दिवा हिरवाच.

आणि खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला! “बघा, काय ताकद आहे कवचाची!” कुणीतरी म्हणालंसुद्धा. इतका उजेड पाडला आणि ही माणसं त्यातही डोळे मिटून उभी.

“अहो, टाळ्या कसल्या वाजवताय!” त्या ओरडल्या. “हिशेब करणारा प्रोग्रामच उरला नाही, तरी सहाशे चाळीस उत्तरं बरोबर आली. मग ही उत्तरं दिली कुणी?”

टाळ्या एकेक करून थांबल्या.

बाईंनी पुसलेला भाग परत बसवला. आजोबांचं वजन भरलं, अठ्ठ्याहत्तर. पडद्यावर एकोणचाळीस. मग पोरीचं, सिस्टर लिहिते तसं, चौदा किलो. पडद्यावर पुन्हा एकोणचाळीस.

डॉक्टर उठून उभे राहिले. “हा डोस त्या मुलीला?”

“मी हेच सांगत होते,” मागून सिस्टर म्हणाली.

“शंका!” शून्यसरांनी माइक सावरला. “बाईंची नकारात्मक शंका कवचात शिरली. शंकेने कवच दुबळं पडतं, हे मी पहिल्याच दिवशी…”

“अहो, माझ्याकडे दिवसभर शंका घेण्याचंच काम चालतं,” डॉक्टर म्हणाले. “या सिस्टरनी शंका घेतली म्हणून ती पोर खाटेवर बसून खेळतेय.”

“कवच उघडा,” बाई म्हणाल्या. त्या शिष्याकडे बघत नव्हत्या. धाकट्याकडे बघत होत्या.

तो जागचा हलला नाही. मालकांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. सिस्टर त्याला ओळखतही नव्हती. तीही बघत होती. मग तो उठला, पडद्यापाशी आला आणि अकरा ओळी उघडल्या.

“यातल्या नऊ ओळींत सरांचं नाव, पत्ता आणि बोधचिन्ह आहे,” तो म्हणाला. “उरल्या दोन. ताई, तू सांग. मला नाही जमत.”

बाईंनी सांगितलं, वर्गात सांगत तसं. “पहिली ओळ म्हणते, परीक्षेला बसलेल्याला, म्हणजे प्रोग्रामला, उत्तर आलं नाही, तर गप्प राहा आणि मागचं बरोबर आलेलं उत्तर पुन्हा लिही. दुसरी ओळ तपासणाऱ्याला सांगते, उत्तर चुकलं तरी बरोबरची खूण कर. झालं. एवढंच. ना क्वांटम, ना तळवा. आपण डोळे मिटले होते तेव्हा त्यांनी या दोन ओळी लिहिल्या.”

धाकट्याने त्या ओळी पुसल्या. परीक्षा पुन्हा लावली. दिवा लाल झाला. पडद्यावर चुका उतरू लागल्या, एक, दहा, शंभर, दोनशे बारा. त्यात चारशे सतरावाही होता. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत याच दिव्याखालून माणसं मान खाली घालून जात होती. आज सगळे मान वर करून त्याच्याकडे बघत होते.

त्या गोंधळात शिष्याने प्रमाणपत्रं पिशवीत भरली आणि गुरुशिष्य मागच्या जिन्याने उतरले.

यात विद्या अशी कुठलीच नव्हती. लाल दिव्याने माणसाची झोप उडते आणि झोप उडालेला माणूस काहीही विकत घेतो, एवढं शून्यसरांना माहीत होतं. म्हणून दिवा हिरवा दिसला, की आनंद जरूर करावा, पण त्याआधी एक प्रश्न विचारावा. हा लाल कधी होतो? तो लाल करून दाखवा म्हणावं. चुकीची गोष्ट मुद्दाम समोर ठेवावी आणि तो ओळखतो का ते बघावं. जो दिवा लाल होऊच शकत नाही, त्याचा हिरवा रंग म्हणजे नुसता रंग. मग तो दारावर असो, यंत्रावर असो, की कुणा सदऱ्यातल्या माणसाच्या तोंडी.

आता शेवटचा हिशेब, कुणी किती भरलं त्याचा. शून्यसरांनी काहीच भरलं नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात त्यांचा वर्ग भरला, खच्चून. मालकांच्या हातून इस्पितळाचं काम गेलं आणि तीस खुर्च्यांपैकी बारा रिकाम्या झाल्या. त्यातली पहिली धाकट्याची. दोन ओळी वाचून गप्प बसल्याचं त्याने स्वतः लिहून दिलं होतं, त्यामुळे दुसरीकडे नोकरी लागायला वेळ लागला. बाळ झालं तेव्हा तो घरीच होता. दुसरी रिकामी खुर्ची बाईंची. धाकट्याची बायको वर्षभर त्यांच्याशी नीट बोलली नाही. सिस्टरचा खुलासा फाइलमधून काढला, माफी कुणी मागितली नाही.

शून्यसर सोडले, तर भरणाऱ्यांच्या यादीत आणखी एकच जण नव्हती. चौदा किलोची. ती चौथ्या दिवशी आईचं बोट धरून घरी गेली.