देवीची छत्री

श्रावणी सोमवार. जळकोटजवळच्या डोंगरावर माणसांची ही रीघ! अमरेशबाबा टोपलीतून पांढऱ्या भूछत्र्या वाटत ओरडत होता, "देवीची छत्री हाय! ज्याच्या मनात पाप, त्याच्या पोटात ऱ्हायची न्हाई! अर्धी खा, अर्धी देव्हाऱ्यात ठिवा!" स्वतः एक चावून खाल्ली अन् मोठ्यानं ढेकर दिला. लोक धन्य झाले.

सरजाबाईनंही खाल्ली. घरी पोचली आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. शेजारच्या शाळेतल्या लुंबिनीबाईंनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. इकडं बाबानं सांगून टाकलं, "लेकीच्या मरणाचं पाप हिच्या अंगावर हाय."

पुनम, तिची एकुलती लेक, गेल्या साली विहिरीत पडून गेली. सरजाबाई तेव्हा कामावर होती. आता रहाटाच्या करकरीतही तिला हाक ऐकू येई, "आये, कुठं हाईस?" तिनं जेवण सोडलं.

लुंबिनीबाईंनी देव्हाऱ्यातली अर्धी छत्री पांढऱ्या कागदावर पालथी घालून वाटीनं झाकली होती. सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडली होती.

"हे तिचे बीजकण, मावशी. हिरवट भुकटीची ही जात विषारी. कुणालाही ओकारी होईल."

"भुकटीचं काय सांगतीस बाई? पोरगी मला हाका मारून राहिली."

पुढच्या सोमवारी लुंबिनीबाई तिला धरूनच डोंगरावर गेल्या. आपल्या हातावर छत्री पडताच म्हणाल्या, "बाबा, ही तुम्ही खा. तुमची मला द्या."

"देवीची परीक्षा बघतीस?"

"देवीची न्हाई, तुमची."

बाबा मागं सरला. गर्दीतल्या पंढरी नावाच्या गड्यानं टोपली उपडी केली. मधे पळसाची पानं, वर एक जात, खाली दुसरी. वरच्या छत्र्यांचे देठ मुळीसारखे लांब होते. वारुळावर उगवणारी ती खायची जात. खालच्या मात्र गायरानातल्या, छत्रीच्या आतले पापुद्रे हिरवट पडलेल्या. ज्याला पापी ठरवायचं, त्याला खालची.

"ह्याच्या मठाला जागा दिली न्हाई मी," सरजाबाई पुटपुटली, "म्हणून?"

बाबा उतारावरून पळत सुटला होता.

"मग पुनम..."

"तिचा पाय घसरला, मावशी. विहिरीला कठडा न्हाई."

सरजाबाई खडकावर बसली आणि वर्षभरानं पहिल्यांदा मोकळी रडली. हाका लगेच थांबल्या नाहीत. पण त्या दिवशी ती दोन घास जेवली.

रानातली छत्री पक्की ओळखल्याशिवाय तोंडात घालू नका. आणि तुमचं पाप कुणी टोपलीतून काढून दाखवत असेल, तर आधी ती टोपली उपडी करून बघा.