उष्टी भाकर

फाल्गुनातला उतरता पहर. वसईच्या वाड्यांवर पिवळं, पिकलेलं, थकलेलं ऊन पसरलं होतं. केळीच्या फाटक्या पानांतून ते गळत होतं, बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, शेवाळल्या पाण्यावर बसत होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं. समुद्रावरून आलेला वारासुद्धा चिंचेखाली निजला होता. सगळी वाडीच कुणाच्या तरी उशाशी बसून दमल्यासारखी दिसत होती.

मार्सेलिनही दमली होती.

अंगाचा शीण वेगळा; पाठ टेकली की तो उतरतो. हा हाडांच्या आत मुरलेला, झोपेला न जुमानणारा शीण होता. या कुशीवर वळवलेला नवरा, मग त्या कुशीवर. धुतलेली चादर, मग भिजलेली चादर. भरवलेली पेज, मग ओघळलेली पेज. दिवस उगवे तो असा, मावळे तोही असाच.

बस्त्यावला लकवा झाला आणि त्याची वाचा गेली, उजवा हात गेला, मग हळूहळू गिळणंही जाऊ लागलं. ज्या माणसानं आयुष्यभर पाणी ओढून केळीचं रान हिरवंगार राखलं, त्याच्या घशाखाली आता पाण्याचा घोटही सुखानं उतरत नव्हता. जाई ते परत येई. ओठांवर आलेलं मार्सेलिन बोटानं टिपी आणि आपल्या तोंडात घाली. अन्न टाकू नये, ही तिच्या आयची शिकवण. लेकरांचं उष्टं तिनं असंच खाल्लं होतं, नवऱ्याच्या ताटातलंही त्याचं जेवण झाल्यावर खाल्लं होतं. हात विचारत नसे, हात करत असे.

बस्त्यावचा डावा हात तेवढा जिवंत होता. आणि डोळे.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला घरोघर येत. त्या दिवशी त्याचे डोळे सकाळपासून दाराला लागत. साऱ्या भुका विझल्या होत्या, ही एक उरली होती. मार्सेलिन टेबलावर शुभ्र कापड घाली, मेणबत्त्या लावी, क्रूस आणि पेलाभर पाणी ठेवी, खाटेशी गुडघे टेकी. स्वतः मात्र घेत नसे. फादर विचारत, तर ती मान हलवून म्हणे, पुढल्या खेपेला.

कारण ती एक गोष्ट पोटात धरून बसली होती. नाताळाआधीच्या एका पहाटे ओली चादर पिळता पिळता तिच्या तोंडून निघून गेलं होतं, देवा, ने रे आता याला. तोंडून गेलं, पण मनातून गेलं नाही. पुन्हा आलं, रोज आलं. नवऱ्याचं मरण मागणाऱ्या बाईनं कुठल्या तोंडानं ती पवित्र भाकर घ्यावी? फादरांपुढे पापनिवेदनाला जायलाही तिचा पाय उचलत नव्हता. देवाला सांगणं सोपं, तो तोंडाकडे बघत नाही.

या शुक्रवारीही फादर आंतोन आले. म्हातारे, गुडघ्यांनी गांजलेले, दर पायरीला एकेका संताला हाक मारत चढणारे. त्यांनी इवली सोनेरी डबी उघडली. आत शुभ्र, पातळ, बेचव चकती. गव्हाचं पीठ, पाण्याचा शिंतोडा, आगीचा चटका, बघणाऱ्याला एवढंच. मानणाऱ्याला मात्र, आपल्यासाठी मोडलेलं देवाचं अवघं शरीर. फादरांनी कणभर मोडून बस्त्यावच्या जिभेवर ठेवलं आणि वर चमचाभर पाणी दिलं.

बस्त्यावनं डोळे मिटले. गळ्याची घाटी हलली, अडली, पुन्हा हलली. सारं उरलंसुरलं बळ त्यानं त्या एका कणापाठी लावलं. मग ठसका लागला आणि भिजलेला शुभ्र कण हनुवटीवर आला.

असा कण पाण्यात विरघळवायचा असतो. फादर पेला घ्यायला वळले, तेवढ्यात मार्सेलिनचा हात गेला. रोजचा हात, न विचारणारा हात. त्यानं टिपलं, तोंडात घातलं, आणि तिनं गिळलं.

मग तिला कळलं, आपण काय खाल्लं.

जिच्यापासून इतके दिवस तोंड चुकवलं ती भाकर नवऱ्याची उष्टी होऊन तिच्या पोटात गेली होती. आता लपवणं तिच्याच्यानं होईना. नवरा ऐकतो आहे, हेही तिला सुचलं नाही.

“फादर, मी खाल्ला. मना खायाचा नव्हता. मी याचा मरण मागते देवाकडे. रोज मागते. दमली मी.”

मेणबत्तीची वात चुरचुरली. बस्त्यावचे डोळे उघडे होते. ते बघून मार्सेलिनला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

फादर कण्हत कण्हत तिच्याशेजारी जमिनीवरच बसले.

“ज्या राती ख्रिस्तानं भाकर मोडली ना बाय, त्याच राती तोही बोलला, हा मरणाचा प्याला टळला तर बरा. तोही दमला होता.”

मग तिच्या मस्तकावर हात ठेवून त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले. निघताना बस्त्यावला सांगून गेले, की भाकर उतरत नसेल तर द्राक्षारस उतरेल, थेंबातही देव सगळाच असतो. उद्या चर्चमधल्या मिस्सेनंतर घेऊन येतो.

त्या संध्याकाळी मार्सेलिननं नवऱ्याची कूस बदलली, पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तो आढ्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय होतं ते सांगायला त्याच्यापाशी वाचा नव्हती, आणि विचारायला तिच्यापाशी धीर नव्हता.

दुसऱ्या दिवशी फादर झाकणाची चिमुकली कुपी घेऊन आले. आत तुडवलेल्या, गाळलेल्या, अंधारात मुरलेल्या द्राक्षांचा गडद, रक्तवर्ण रस. चमच्यात थोडा घेऊन त्यांनी तो बस्त्यावच्या ओठांशी नेला.

ओठ मिटलेलेच राहिले.

डावा हात वर आला आणि त्यानं चमचा दूर सारला. माझ्यामुळे, मार्सेलिनला वाटलं, माझ्यामुळे यानं देवसुद्धा नाकारला. पण हात खाली गेला नाही. चमच्याचा दांडा धरून तो सरकत राहिला, सरकत राहिला, तिच्या तोंडाच्या दिशेनं.

फादरांना उमगायला क्षणभर लागला. तिला लागला नाही. उभ्या संसारात तो आधी जेवला होता आणि ती मागाहून. आज त्यानं तिला आधी बसवलं होतं.

तिनं निम्मा घेतला. तिचा उष्टा, उरलेला रस त्याच चमच्यातून त्यानं घेतला. गळ्याची घाटी हलली. अडली नाही.

ओठाच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका राहिला. सवयीनं तिचं बोट पुढे झालं आणि थांबलं. बस्त्यावनं जीभ हळूच फिरवून तो स्वतःच टिपला. बाहेर केळीच्या फाटक्या पानांतून दमलेलं ऊन उतरत होतं. घोटाघोटानं, हळूहळू, उतरत होतं.